रोग्याचा रुकार

चिंचवडगावातील चापेकर चौकातून रोज तिन्ही पाळ्यांचे कामगार ये-जा करतात. कुणी भोसरीकडे जातो, कुणी पिंपरीला, कुणी कंपनीच्या बसने चाकणला. त्या चौकाला ज्यांचे नाव आहे त्या तिघा भावांनी काय केले, हे शाळेतले पोरसुद्धा सांगेल. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली गेली, आणि पुढे दामोदर, वासुदेव व बाळकृष्ण हे तिघे बंधू फासावर गेले. हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो. परंतु त्या गोळीपूर्वीचे तीन महिने पुण्यात काय चालले होते, याचा विचार आपण फारसा करीत नाही. त्या तीन महिन्यांत एक जुना प्रश्न उघड्यावर आला होता. आजारी माणसाच्या शरीराला हात लावण्यापूर्वी त्याला विचारायचे की नाही, आणि विचारायचे तर कुणी व कसे, हा तो प्रश्न. आज मला त्याच प्रश्नाचा इतिहास आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथमच सांगून टाकतो की मी इतिहासाचा पदवीधर नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि मी भोसरीत प्रेस मशीनवर उभा राहिलो. जे काही वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून. पुढे संघटनेच्या कामात तीस वर्षे गेली. जखमी कामगारांबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर मी इतक्या रात्री काढल्या आहेत की तेवढ्यात एखाद्याचे वैद्यकीय शिक्षण पुरे झाले असते! तेव्हा पंडितांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात आणि मुद्दा तेवढा पाहावा.

आता मूळ विषयाकडे वळू. रोग्याची संमती ही पाश्चात्त्यांकडून अलीकडे आलेली चैन आहे, असा एक समज आहे. वस्तुतः आपल्या देशाच्या कायद्यात ती फार जुनी आहे. १८६० च्या दंडसंहितेच्या ९० व्या कलमाने स्पष्टच म्हटले होते की, भीतीपोटी किंवा गैरसमजातून दिलेली संमती ही संमतीच नव्हे, आणि घेणाऱ्याला ते ठाऊक असेल तर त्याला तिच्या आडोशाला उभे राहता येणार नाही. त्याच कायद्याच्या ९२ व्या कलमाने अपवादही सांगितला होता. माणूस बेशुद्ध आहे, त्याच्या वतीने बोलणारे कुणी जवळ नाही आणि वेळ दवडला तर जीव जाईल, अशा वेळी सद्भावनेने केलेला उपचार गुन्हा ठरत नाही. ती संहिता १ जुलै २०२४ पासून गेली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे २८ व ३० या कलमांत कायम आहेत. म्हणजे कायदा दीडशे वर्षांहून अधिक काळ बोलतोच आहे. तो कुणासाठी पाळला गेला आणि कुणासाठी नाही, हा खरा इतिहास आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेग ओळखला. लगोलग ऑक्टोबरात महापालिकेने कडक हुकूम काढला, की रोगी सापडला की त्याला वेगळे काढायचे आणि इस्पितळात न्यायचे. आर्थर रोडचे इस्पितळ, म्हणजे आजचे कस्तुरबा रुग्णालय, तेव्हा गिरणगावाच्या तोंडाशीच होते. आत नेलेला माणूस परत येत नाही, तेथे माणसाचे काळीज काढून घेतात, अशा अफवा चाळीचाळींतून पसरल्या. त्याच महिन्यात गिरणी कामगारांचा मोठा जमाव त्या इस्पितळावर चालून गेला.

शिकल्यासवरल्या लोकांनी त्या कामगारांना अडाणी ठरविले. मला तसे ठरविता येत नाही. मजूर अफवेवर विश्वास ठेवतो, कारण खरी गोष्ट त्याला कुणी सांगितलेली नसते. गाडीत घालून नेलेल्या बायकोला कुठे नेले, तिला काय देतात, ती जगेल की नाही, हे त्याच्या भाषेत, त्याच्या ओट्यावर बसून कुणीतरी सांगितले असते तर अफवेला शिरायला जागा उरली असती काय? अखेर महापालिकेलाही हात सैल सोडावा लागला. हजारोंनी मजूर गाव सोडून कोकणात आणि घाटावर निघाले होते, आणि झाडूवालेही निघून गेले तर मुंबई कशी चालणार, ही धास्ती होती. कामगाराच्या पायांनी जे सांगितले ते सरकारला ऐकावे लागले.

पुण्यात मात्र तसे झाले नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. तो अवघ्या चार कलमांचा होता, पण सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार देणारा होता. प्लेग समितीचा अध्यक्ष म्हणून रँडची नेमणूक झाली आणि मार्चपासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या पुण्याच्या पेठांतून घरोघर शिरू लागल्या. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. बायकांना बाहेर काढून तपासले, सामान जाळले, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेले. लोकमान्य टिळकांचा प्लेगच्या उपायांना मुळातून विरोध नव्हता. त्यांनी पुण्यात राहून हिंदूंसाठी प्लेगचे रुग्णालय काढण्यात पुढाकार घेतला होता. त्यांचा राग होता तो हे उपाय ज्या रीतीने चालविले गेले त्या रीतीवर.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उंदराच्या अंगावरची पिसू माणसाला प्लेग देते, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९८ मध्ये दाखविले आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ मध्ये ज्या शास्त्राच्या नावाने घरे उघडी केली, त्या शास्त्राला रोग कसा पसरतो हेच पुरते ठाऊक नव्हते. सक्ती करणाऱ्याजवळ पुरे ज्ञान असते, हे गृहीतच मुळी खोटे आहे. म्हणून तरी त्याने विचारून पुढे जावे.

त्याच मार्चमध्ये, त्याच पुण्यात, प्लेगच्या रोग्याला हात लावणारे दुसरेही हात होते. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला माळावर रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या गावकुसाबाहेरच्या वस्तीतले गायकवाडांचे आजारी पोर सावित्रीबाईंनी पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना प्लेग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. रोगी दोन्हीकडे इस्पितळातच नेला जात होता. एकीकडे त्याला बंदुकीच्या धाकाने नेले आणि दुसरीकडे पाठीवर घेऊन नेले. सावित्रीबाईंनी काही छापील संमतिपत्र भरून घेतले नसेल. पण ज्यांच्या दारात जाऊन त्या बोलत होत्या, त्या लोकांना ही बाई कोण आणि आपल्या पोराला कुठे नेते आहे हे पुरते माहीत होते. संमतीचा पाया हाच आहे.

मुंबईत डॉ. हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. मग ती भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना दिली. तुरुंगातल्या माणसाची स्वेच्छा कितपत मोकळी, ही शंका आज आपण घेऊ, आणि घ्यावीही. ज्याचे पोट आणि सुटका दुसऱ्याच्या हातात आहे त्याचा होकार नेहमी तपासून घ्यावा लागतो. ठेकेदाराकडे राबणाऱ्या मजुराला हे निराळे सांगायला नको. तथापि स्वतःवर आधी आणि लोकांवर मागाहून, हा हाफकिनचा क्रम रँडच्या क्रमाहून फार वेगळा होता. मार्च १८९८ मध्ये मुंबईत पुन्हा दंगल उसळली. हळूहळू सरकारलाही उमगले की जबरदस्तीने लोक रोगी लपवितात आणि लपलेल्या रोग्याने साथ वाढते. सक्ती ढिली पडत गेली आणि लस घेणे न घेणे लोकांच्या इच्छेवर राहिले.

यावर कुणी म्हणेल, ते परक्यांचे राज्य होते, स्वराज्यात असे कसे होईल? त्यासाठी आपल्या पिंपरीकडेच पाहू. १९५४ मध्ये येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागले. सरकारी क्षेत्रातला औषधांचा हा देशातला पहिला कारखाना. पिंपरीची माणसे गरिबाच्या घरी औषध पोहोचावे म्हणून राबत होती. त्याच वर्षी, अमेरिकेसारख्या स्वतंत्र आणि श्रीमंत देशात, अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खाते सुमारे चारशे गरीब काळ्या शेतमजुरांचा उपदंश बरा न करता नुसता न्याहाळीत बसले होते. तुमचे रक्त बिघडले आहे, एवढेच त्यांना सांगितले होते. पेनिसिलिनने तो रोग बरा होतो हे सिद्ध झाल्यावरही त्यांना ते दिले नाही. १९३२ ते १९७२, अशी चाळीस वर्षे हे चालले. विशेष हे की, नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेंबर्गला जी संहिता सांगितली गेली, तिचे पहिलेच तत्त्व माणसाची स्वेच्छेची संमती हे होते. ती अमेरिकन न्यायाधीशांनी सांगितली आणि त्यांच्याच देशात हा प्रकार चालू होता.

या प्रकरणात माझे मन गुंतते ते युनिस रिव्हर्स नावाच्या परिचारिकेपाशी. ती स्वतः काळी, गरिबांतली. त्या मजुरांना गाडीतून तपासणीला नेणारी, त्यांच्या घरी जाऊन चौकशी करणारी. ते लोक डॉक्टरांवर विसंबले नव्हते, तिच्यावर विसंबले होते. ती दुष्ट होती असे मला वाटत नाही. वरून आलेला हुकूम पाळणे हेच कर्तव्य, अशी तिची शिकवण होती. आरोग्यसेवकाचे कर्तव्य नक्की कुणाशी, साहेबाशी की रोग्याशी, हा प्रश्न तिच्या आयुष्याने जगापुढे ठेवला.

आपल्याकडे तो प्रश्न आणीबाणीत उभा राहिला. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. जिल्ह्याला आकडा, तालुक्याला आकडा, आणि शेवटी शिक्षक, तलाठी, नर्सबाई यांना आकडा. आकडा भरला नाही तर पगार अडे. जानेवारी १९७६ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत रस्त्यावरची माणसे गाड्यांत घालून शस्त्रक्रियेला नेल्याच्या हकिगती बाहेर आल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही, एवढेच. रँड परका होता. १९७६ चे विधेयक आपणच निवडून दिलेल्यांनी केले होते.

त्यानंतरच्या काही घटना थोडक्यात सांगतो. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी संस्थेत राहणाऱ्या मतिमंद मुलींपैकी काहींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण दिले ते पाळीच्या दिवसांतल्या स्वच्छतेचे. स्त्री-संघटनांनी आवाज उठविला तेव्हा पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कामावर खाडा पडू नये म्हणून, कर्करोगाची भीती घातली म्हणून, पर्यायच कुणी सांगितला नाही म्हणून बायकांनी अंगठे उठविले होते. भीतीपोटी दिलेला होकार हा होकार नव्हे, असे १८६० चा कायदा सांगत होताच. त्याच जिल्ह्यातली मुले आज चाकणला ठेक्यावर काम करतात. त्यांच्या आयांची ही कथा आहे.

न्यायालयांनी या काळात काही चांगले निर्णय दिले, ते कामगारांनी पाठ करून ठेवावेत असे आहेत. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचे प्रकरण आले. सरकारी महामंडळाने भरतीपूर्व तपासणीत त्याला एच.आय.व्ही. असल्याचे पाहून कामावरून वगळले होते. माणूस काम करण्यास धडधाकट आहे आणि त्याच्यापासून इतरांना विशेष धोका नाही, तर केवळ या कारणावरून त्याची रोजी तोडता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. त्याचे नावही गुप्त ठेवू दिले. पुढे २०१७ च्या कायद्याने ही तपासणी रोग्याला समजावून त्याची संमती घेतल्याविना करू नये असे ठरविले. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली यांच्या प्रकरणात निकाल दिला. दुर्बिणीच्या तपासणीला होकार दिलेल्या स्त्रीचे गर्भाशय, ती भुलीत असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढले होते. सज्ञान माणसाच्या शरीराबद्दल आई बोलू शकत नाही, आणि एका गोष्टीचा होकार दुसऱ्या गोष्टीला चालत नाही, असे न्यायालयाने बजावले. उपचार कोणता, कशासाठी, त्याला पर्याय काय, मोठे धोके कोणते आणि उपचार नाकारला तर काय होईल, एवढे रोग्याला सांगितलेच पाहिजे, हेही त्यात आले. नवऱ्याच्या सहीचा हट्ट अनेक ठिकाणी धरला जातो. गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्याने तर सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी मानलेली आहे.

आता एक घरची गोष्ट सांगतो. नव्वदीच्या दशकात, तिसऱ्या पाळीला, माझ्या शेजारच्या प्रेसवर एका पोराचा हात सापडला. मराठवाड्यातून येऊन त्याला चार महिने झाले होते. आम्ही त्याला एका दवाखान्यात नेले. मुकादमाने इंग्रजी कागदावर 'नातेवाईक' म्हणून सही ठोकली. पोरगा पुरता शुद्धीवर होता. वेदनेने कळवळत होता, पण बोलत होता. सकाळी त्याने पट्टी पाहिली आणि मला विचारले, "दादा, माझी दोन बोटं काढायची होती तर मला का नाही सांगितलं?" बोटे वाचण्यासारखी होती की नव्हती, हे मला आजही ठाऊक नाही. कदाचित डॉक्टरांचे बरोबरच असेल. पण त्या पोराने वर्षभर तोच एक प्रश्न केला. बोटांपेक्षा आपल्याला कुणी मोजले नाही, हे त्याला जास्त लागले होते. मीही तेव्हा त्या मुकादमाला अडविले नाही, हे मी येथे कबूल करतो.

पुढे त्या दवाखान्यातल्या रात्रपाळीच्या नर्सबाईंशी माझी ओळख झाली. मी रागानेच विषय काढला. त्या म्हणाल्या, "भाऊ, त्या रात्री माझ्याकडे दोन वॉर्ड होते. मी कुणाकुणाला समजावून सांगू?" मी गप्प झालो. कारण हे उत्तर मला माझ्याच मशीनवरून ओळखीचे होते. गती वाढविली की आधी गार्ड काढला जातो, मग बोटे जातात. दवाखान्यात माणसे कमी केली की आधी बोलणे जाते आणि सहीचा कागद उरतो.

माझे सारे म्हणणे येथे येऊन थांबते. विचारणे हे काम आहे. त्याला वेळ लागतो, आणि त्या वेळेसाठी माणूस नेमावा लागतो. सोजिराला हुकूम होता, १९७६ च्या नर्सबाईला आकडा होता, आजच्या परिचारिकेला साठ खाटा असतात. ज्याच्या डोक्यावर असा आकडा आहे त्याच्याकडून रोग्याला विचारले जाण्याची आशा फोल आहे. तेव्हा आरोग्यसेवकांची कर्तव्ये सांगताना, ती पाळता येतील अशी नोकरी त्यांना मिळाली पाहिजे, ही मागणी आपण कामगारांनीच केली पाहिजे. परिचारिकांची संख्या वाढावी म्हणून त्या संपावर जातात तेव्हा तो प्रश्न आपल्या बोटांचाही असतो.

तथापि एवढ्याने त्यांचे कर्तव्य फिटत नाही. डॉक्टर असो, नर्सबाई असो की आशाताई, रोग्याला त्याच्या भाषेत सांगणे हे त्याचे काम आहे. चाकणला आज उडिया, बिहारी, झारखंडी पोरे आहेत. तेथे दुभाषा शोधावा लागेल, तर शोधावा. रोगी शुद्धीवर असताना मुकादमाची सही घेऊ नये. समजले का, असे विचारून मान डोलावली की पुढे जाण्यापेक्षा, तुला काय समजले ते सांग, असे म्हणावे. 'नाही' म्हणणाऱ्यावर राग धरू नये, त्याचे औषधपाणी थांबवू नये. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रोग्याने मागितल्यास त्याची कागदपत्रे ७२ तासांत दिली पाहिजेत. त्याच नियमांत शस्त्रक्रियेच्या संमतीसाठी आधी नवरा-बायको, मग पालक आणि सर्वांत शेवटी खुद्द रोगी, असा क्रम लिहिलेला आहे, तो वाचून मला हसू आले आणि वाईटही वाटले. कारखान्याच्या डॉक्टरांनी तर हे विशेष जपावे. त्यांचा पगार मालक देतो, पण तपासलेले रक्त कामगाराचे असते. धोक्याच्या कामावरील कामगाराला आपल्या आरोग्याच्या नोंदी पाहता याव्यात, अशी तरतूद भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये कारखाने कायद्यात आली. किती जणांनी त्या कधी मागून पाहिल्या?

२०२० च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा महाराष्ट्राने बाहेर काढला तो १८९७ चाच कायदा. पुन्हा घरे बंद झाली, पुन्हा अफवा उठल्या, आणि मजूर पुन्हा गाव गाठण्यासाठी चालू लागले. पण या वेळी एक फरक होता. आशाताई आपल्याच गल्लीतल्या होत्या, आणि दारात उभ्या राहून त्या बोलत होत्या. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कुणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही. त्याच निकालात, सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधने घालू शकते, हेही मान्य केले. सव्वाशे वर्षांनी कायदा येथवर आला. लस मात्र बहुतेकांनी घेतलीच. विचारले म्हणून लोक नाही म्हणतात, हा धाक खरा नाही.

माझा तो मराठवाड्याचा पोरगा आता पन्नाशीला आला आहे. गेल्या वर्षी त्याच्या बायकोचे ऑपरेशन होते. मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे केला तेव्हा त्याने तीन बोटांच्या हाताने तो उचलून बायकोच्या हाती दिला आणि म्हणाला, "बाई, हिला सांगा. सही ती करील." बाई खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या आणि सांगू लागल्या. त्यांना बारा मिनिटे लागली. मी घड्याळ पाहत होतो.